चोरलेलं पान

निर्मळ गावी सदानंदने केळीच्या वाडीत पांढरं छप्पर घालून वाळवंटी बाग उभारली, तेव्हा गावाने त्याला वेड्यात काढलं होतं. पावसाळ्यात बाहेर बेडूक ओरडायचे आणि आत कोरड्या वाळूत निवडुंग ऐटीत उभे. पण दर डिसेंबरात तिथे भरणाऱ्या चित्रप्रदर्शनाला थेट डहाणूपासून लोक यायचे. पद्धत एकच: ज्या झाडावरून चित्र काढलं, त्याच्याच शेजारी ते टांगायचं. लोक झाड बघत, चित्र बघत आणि तोंडावर निकाल सांगून मोकळे होत.

मानाची जागा दाराजवळची, थोरल्या फड्या निवडुंगाशेजारची. वसुंधराबाई शाळेत चित्रकला शिकवायच्या तेव्हापासून ती त्यांचीच. निवृत्त झाल्या, बोळिंजच्या फ्लॅटची बाल्कनी कुंड्यांनी भरली, तरी ती जागा सुटली नव्हती. यंदा तिथे रीमाचं चित्र होतं.

रीमा त्यांचीच विद्यार्थिनी, इथेच निर्मळला आईबरोबर राहणारी. हल्ली विरारच्या एका पार्लरमध्ये बायकांची नखं रंगवायची.

“ताई, तुमचं आत लावलंय, कोरफडीपाशी,” सदानंद नजर चुकवत म्हणाला. “हिचं बघा ना, झाडाला आत्ताच पानी घातल्यासारखं वाटतं.”

बाईंनी खोट काढायलाच चित्र पाहिलं आणि एकही सापडली नाही. जन्मभर छाया-प्रकाश आपण घोटायचे, आणि हात मिळावा तो या नखं रंगवणारीला!

दुपारी सगळे जेवायला पांगले, तेव्हा त्यांनी निवडुंगाचं एक जाडजूड पान मोडून रुमालात गुंडाळलं. झाड बोडकं दिसलं की चित्र खोटं पडेल, एवढाच हिशोब. शिवाय चोरून आणलेलं रोप हमखास जगतं, हे कुठलीही बागवेडी बाई सांगेल.

आणि जगलंच ते. पाहता पाहता त्यावर नवी पानं फुटली. “काय खायला घालतेस गं याला?” जितेंद्र, म्हणजे बाईंचे यजमान, कौतुकाने विचारायचे.

एका दुपारी बाई त्याच कुंडीसमोर कागद घेऊन बसल्या. हाताने कागदाच्या खालच्या कडेपासून सुरुवात केली. बाई चपापल्या. खालून वर जायची खोड रीमाची. त्यासाठी वर्गात तिला कितीदा उभं केलं होतं. हात मात्र थांबेना. चित्र पुरं झालं तेव्हा असं उतरलं होतं, की बाईंनी आयुष्यात तसं काढलं नव्हतं. खरं तर घाबरायला हवं होतं. त्यांना आनंद झाला, अगदी हावरा आनंद.

पुढच्या डिसेंबरात दाराजवळची जागा त्यांना परत मिळाली.

रीमा आली. थेट चित्रापुढे जाऊन उभी राहिली.

“सुंदर झालंय, बाई. माझा तर हातच गेला. ब्रश धरला की वाटतं, ही बोटं दुसऱ्याच कुणाची तरी आहेत. पार्लरची नोकरी पण सुटली.”

“डॉक्टरांना दाखवलंस?”

“हाताला काहीच नाहीये म्हणतात.” ती घुटमळली. “मला परत शिकवाल का? पहिल्यापासून?”

पानाचं सांगून टाकायची वेळ होती ती. बाईंनी चित्राभोवतीच्या गर्दीकडे पाहिलं. “ये शनिवारी,” त्या म्हणाल्या.

रीमा दर शनिवारी बोळिंजला येऊ लागली. जेवणाच्या टेबलाशी, बाईंच्या खुर्चीत बसायची. चित्रं नीटनेटकी, रेषा अचूक, जीव कशातच नाही. थेट बाईंची जुनी चित्रं. बाईंना मनातून गुदगुल्या व्हायच्या.

मग रीमा न विचारता फडताळातून साखरेचा डबा काढू लागली. अडकणारी खिडकी तिच्या हाताने एका झटक्यात उघडायची. बाईंना मात्र डबा शोधावा लागे. आपल्याच घरात, आपल्याच खुर्चीत बसलेल्या पोरीचा त्यांना हेवा वाटू लागला, आणि हा हेवा आधीच्यापेक्षा जास्त जळत होता.

एका शनिवारी संध्याकाळी त्या निवडुंग उपटायच्या निश्चयाने बाल्कनीत गेल्या. त्यांनी कुंडीला हात घातला.

“राहू दे गं,” आतून रीमा शांतपणे म्हणाली. “छान वाढलंय.”

बाईंचा हात मागे आला.

कुलूप वाजलं. जितेंद्र भाजीची पिशवी घेऊन आले. पिशवी त्यांनी टेबलावर, रीमापुढे ठेवली.

“वसू, चहा टाकतेस?”

रीमा उठली आणि स्वयंपाकघरात गेली.

बाईंनी हाक मारायला तोंड उघडलं. जितेंद्र त्यांच्याकडे वळून मायेने हसले.

“आणि तू आटप बाळा. निर्मळला आई वाट बघत असेल तुझी.”

दाराशी रीमाच्या चपला होत्या. बाईंनी एकीत पाय सरकवला. त्यांच्या टाचेचा खळगा तिथे आधीच पडलेला होता.