पाठमोरा वीरगळ

पूर्वेला तांबडे फुटले तेव्हा निंबखेड्याच्या गढीला मोगली फौजेचा वेढा पडून एकोणीस दिवस लोटले होते, आणि गढीच्या बागेतले बेचाळीस वीरगळ, देशमुखांच्या सात पिढ्यांतले रणात पडलेले पुरुष, त्रेचाळिसाव्याची वाट पाहत असल्यासारखे ओळीने उभे होते.

बागेच्या टोकाला, तटातल्या छुप्या दाराला, चोरदिंडीला लागूनच दमाजी पाथरवटाचे छप्पर होते. माणूस बोलतो किती आणि लपवतो किती, याचा ताळा मांडायची त्याला जन्माची खोड. देशमुखांचे धाकटे बंधू सुभानराव एकटेच आलेले पाहून त्याने छिन्नी खाली ठेवली.

"दमाजी, उद्या एक वीरगळ उभा राहिला पाहिजे."

"कोणाचा, सरकार?"

"दादासाहेबांचा."

हैबतराव देशमुख त्या घटकेला वेशीच्या बुरुजावर धडधाकट उभे होते. त्यांची हाक इथवर ऐकू येत होती. पण घराण्याची रीत अशी, की पडलेल्या धन्याचा वीरगळ उभा राहिल्याखेरीज नव्या धन्याला पगडी बांधत नसत. घाई पगडीची होती.

"वरचं शिवलिंग, अप्सरा कोरून तयार आहेत," दमाजी भोळेपणाने म्हणाला. "खालच्या पट्टीत लढाई. धनी वेशीवर पडले असं दाखवू?"

"छे. इथे, दिंडीपाशी. दादा धावत इकडेच येतील." सुभानराव चपापले. "तोंड मिटून ठेव."

"दगडाची संगत आमची. तोंड उघडायला शिकलोच नाही."

जाता जाता सुभानरावांनी दिंडीच्या पहारेकऱ्यांना मध्यान्ही वेशीवर येण्याची ताकीद दिली. देशमुखांच्या सख्ख्या भावाकडे पाथरवटाने बोट दाखवले असते, तर आधी बोटच तुटले असते. दमाजीने खालची पट्टी कोरायला घेतली.

मध्यान्ही सुभानराव परतले, तो आत उघडणाऱ्या दिंडीला सहा हातांची शिळा पहारीने रेटून आडवी टाकलेली, आणि तिच्यावर दमाजी बसलेला.

"ऊठ."

"वीरगळ तयार आहे, सरकार. फक्त धनी बदललाय."

तलवारीचा पहिला घाव त्याच्या उजव्या हातावर बसला, दुसरा मानेवर. बाहेरून मोगल दिंडीला धडका देत होते. शिळा हलली नाही. त्या आवाजाने हैबतराव धावत आले. भाऊ अडसराशी झोंबत होता. त्यांनी तिथेच तलवार उपसली.

वेढा पुढे उठला. सुभानराव दिंडी राखताना पडले, अशी द्वाही फिरली, आणि तीच शिळा त्यांच्या नावे उभी राहिली. खालच्या पट्टीत मात्र एक सरदार आतून अडसर काढत होता. हैबतरावांनी ती तटाकडे तोंड करून रोवली.

दमाजीचा वीरगळ झाला नाही. तो कोरणारा हात गढीत एकच होता.