विकणे आहे, घाई नाही

खरं तर मी त्या बोळात शिरलेच नसते. मरोळला एका गृहस्थांची जुनी मोटरसायकल बघायला गेले होते, तर त्यांनी दारातूनच सांगितलं, "सकाळीच गेली ओ." फोन करायचं सौजन्य कुणाकडे असतं हल्ली? वैतागून स्कूटर वळवायला गावठाणातल्या बोळात घातली... आणि एका बैठ्या घराच्या ओट्याला टेकून ती उभी दिसली. काळी, साडेतीनशे सीसीची. टाकीवर दोरीने बांधलेला पुठ्ठा — 'विकणे आहे.' आणि त्याखाली, बारीक अक्षरांत — 'घाई नाही.'

मला हसू फुटलं. एकटीच असताना असं मोठ्याने हसू येऊन किती दिवस झाले होते, देव जाणे.

"हसतेस काय? बसून बघ." गाडीच्या पलीकडून एक डोकं वर आलं. हातात जुना टूथब्रश, कोपरापर्यंत काळं वंगण. चेन घासत होता.

मी बसले.

"पाय टेकतात?"

"टेकतात की. चवडे."

"म्हणजे अर्धेच." त्याने माझ्या सपाट चपलांकडे पाहिलं. "बरं ऐक. दुसरा गिअर सकाळी अडकतो. खड्ड्यात हेडलाइट मान हलवतो. मायलेज तर विचारूच नको. आणि तुझी ही पहिलीच मोठी गाडी असेल तर... नकोच घेऊ."

"तुला विकायची आहे ना?"

"आहे ना."

"मग जरा विकणाऱ्यासारखं बोल की!"

"खोटं बोलून विकली, तर रविवारी मिस्साला फादरच्या समोर कसा बसू?" तो हसला. हसताना त्याने वंगणाचाच हात कपाळाला पुसला, आणि तिथे एक जाड काळी रेघ उमटली. मी ती सांगितली नाही. बघत राहिले.

त्याचं नाव लॉईड. जहाजावर फिटर. नऊ महिने समुद्रावर, तीन-चार महिने घरी. मागच्या खेपेला गेला होता तेव्हा गाडी उभी राहून राहून गंजली, म्हणून या वेळी जायच्या आधी विकून टाकायची, असा मम्मीचा हुकूम होता. जायला पाच आठवडे होते.

"आणि मागची सीट कुठाय?" मी विचारलं. माझ्या मागे नुसता पत्रा होता, चार भोकांचा.

"माळ्यावर. कोण बसतंय मागे? काढून ठेवली."

हे त्याने इतकं सहज म्हटलं, की मला पुढे काही विचारवेना.

आता माझंही सांगते. मी इरावती, वय तेवीस, मुक्काम मुलुंड पूर्व. आमची जुनी इमारत दीड वर्षापूर्वी पुनर्विकासाला गेली आणि वीस बिऱ्हाडं वीस दिशांना पांगली. कुणी बदलापूर, कुणी विरार, कुणी खारघर. आई-बाबा दादाकडे बंगळूरला गेले — "तीन वर्षांचा तर प्रश्न आहे" म्हणत. मी नोकरीमुळे राहिले, एका भाड्याच्या खोलीत. काम घरूनच. विमा कंपनीसाठी दिवसभर लोकांच्या चेपलेल्या गाड्यांचे फोटो बघायचे आणि कुठे किती चेपलंय ते लिहायचं. शुक्रवारी संध्याकाळी लॅपटॉप मिटला की सोमवारी सकाळपर्यंत माझा आवाज मलाही ऐकू येत नसे. एकदा रविवारी रात्री वॉचमन बाळाकाकांना "जेवलात का?" विचारायला गेले, तर घशातून आवाजच फुटला नाही. त्या रात्री मी घाबरले, अगदी खरंखुरं.

म्हणून मोठी गाडी. स्कूटरवर हायवेला ट्रक बाजूने गेला की हँडल थरथरतं. मला विरारला जायचं होतं, खारघरला जायचं होतं. आमच्या जिन्यातली माणसं पुन्हा एकेक करून शोधायची होती. आणि कुणी घरी नसलंच, तर निदान रस्ता तरी लांबचा हवा होता. आई फोनवर म्हणे, "स्कूटर आहे ना तुझी? मग?" तिला काय सांगणार... रविवार खूप मोठा असतो गं.

लॉईडला मी यातलं एवढंच सांगितलं, "मला एकटीला लांब जायचंय."

तो जरा गंभीर झाला. "एकटी? मग एक अट. ही एकशे नव्वद किलोची बाई कधीतरी पडणार. सगळ्यांची पडते. कुठल्यातरी सुनसान रस्त्यावर पडली तर उचलणार कोण? एकटीने उचलून दाखव, मग देतो. तोपर्यंत नाही."

"ही कसली अट? शोरूमवाले तर विचारतही नाहीत."

"मग जा शोरूमला."

मी गेले नाही.

चर्चच्या मागे एक मैदान आहे. रविवारची मराठी मिस्सा सुटली, माणसं पांगली, की तिथे आमची शाळा भरायची. रीटा आंटींची, म्हणजे त्याच्या मम्मीची, एक फाटकी गादी तो खांद्यावरून आणायचा, गवतावर अंथरायचा, आणि गाडी तिच्यावर हळूच आडवी करायचा. नेहमी उजव्या कुशीवर. डावीकडे गिअरचा पेडल वाकतो म्हणून.

"तोंड नको करू गाडीकडे. पाठ कर. कमरेची वाट लागेल नाहीतर. हां... आता सीटला टेकून खाली बस. एक हात हँडलला, एक मागे. आणि उचलू नको. चाल. मागे-मागे, छोटी पावलं."

"चालतेय कुठे? चिकटलीय ती!"

"ती नाही चिकटली. तू घाबरलीयेस."

पहिल्या रविवारी गाडी वीतभर उठली आणि बसली. दुसऱ्या रविवारी भाद्रपदातली एक सर आली, गवत निसरडं झालं आणि मीच गादीवर बसले. तो हसला नाही. हात पुढे केला, मी धरला, उठल्यावर सोडायचा राहून गेला... दोघांकडूनही. मग रीटा आंटींची हाक आली.

"गो पोरी, जेवून जा!" बॉटल मसाल्यातलं मटण आणि तळलेले गोल गरगरीत फुगे. माझ्या ताटात त्यांनी पाच फुगे वाढले, त्याच्या ताटात तीन. "अशीच रोडकी राहिलीस तर गाडी कशी उचलशील?"

मुलुंडला परतले तेव्हा माझा आवाज बसला होता. बोलून बोलून. बाळाकाकांनी विचारलं, "ताई, सर्दी झाली काय?"

तिसऱ्या रविवारी लॉईड चहा आणायला घरी गेला. मी मैदानात एकटी, गाडी गादीवर. सहज म्हणून पाठ लावली. साइड स्टँड आधी काढून ठेवला, त्याने शिकवलं होतं तसा. गुडघे, श्वास, छोटी पावलं... आणि कसं कोण जाणे, गाडी उठली. अगदी निमूट उठली, आणि कलंडून स्टँडवर उभी राहिली.

मी उभ्या गाडीकडे बघत राहिले.

जमलं, म्हणजे संपलं. उद्या कागद होतील, गाडी मुलुंडला येईल, आणि पुढच्या रविवारी मला मरोळला यायला काही कारण उरणार नाही. मला गाडी हवी होती. आणि मला हे मैदान हवं होतं, ही गादी, हा "घाबरलीयेस" म्हणणारा मुलगा. दोन्ही हवं होतं.

मग मी जे केलं ते कुणाला सांगण्यासारखं नाही. गादी ओढली, स्टँड मिटवला, आणि गाडी पुन्हा आडवी केली. अर्धी ठेवली, अर्धी पडली.

तो चहा घेऊन आला. गाडीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं.

"नाही जमत?"

"अंहं..."

"असू दे," तो म्हणाला, आणि आलं जास्त झालेला चहा माझ्या हातात दिला. "घाई नाही."

चौथ्या रविवारी मैदानात पोचले, तर लॉईड चर्चच्या पायरीवर गप्प बसला होता. रीटा आंटी गादी घेऊन स्वतः आल्या होत्या.

"भांडुपचा सर्वेश संध्याकाळी गाडी न्यायला येतोय," त्या म्हणाल्या. "पुढच्या शनिवारी याचं विमान. मी आता थांबणार नाही, पोरी. उचल नाहीतर सोड." आणि गादी टाकून निघून गेल्या.

लॉईडने गाडी आडवी केली. उजव्या कुशीवर. मी पाठ लावून बसले.

नाही उचलली तर गाडी भांडुपला. आणि तो तर शनिवारी जाणारच होता, गाडी कुठेही गेली तरी. मला एवढंच ठरवायचं होतं, की खोटं बोलून मागे राहायचं की खरं दाखवून. डोळे भरून आले, ते गाडीच्या वजनाने नव्हे.

मी चालले. छोटी पावलं, मागे-मागे. गाडी उठली.

"झालं," मी त्याच्याकडे न बघता म्हटलं. "घेतली मी."

"दुसऱ्यांदा उचललीस," तो म्हणाला.

"काय?"

"मागच्या रविवारी मी उजवीकडे झोपवून गेलो होतो. चहा घेऊन येतो तर गाडी डावीकडे. गादीपण डावीकडे." तो हसत होता, पण आवाज हलत होता. "गाड्या झोपेत कूस बदलत नाहीत, इरा."

मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. "मग... बोलला का नाहीस?"

"तू का नाही बोललीस?"

कबुतरं मैदानात उतरली, उडाली.

"मला वाटलं," मी शेवटी म्हटलं, "उचलली की तू म्हणशील, बाय, नीट चालव. आणि माझे रविवार पुन्हा पहिल्यासारखे होतील. मला ते नको होते. मला तू आवडतोस, लॉईड. गाडीपेक्षा जास्त. आता हस."

तो हसला नाही. "मी चार महिने घरी आहे," म्हणाला, "तर बोलायला मम्मी आणि ही चेन. जहाजावर बावीस माणसं, आणि तिथेपण तसंच. त्या पुठ्ठ्यावर मी 'घाई नाही' का लिहिलं माहितीये? गाडी बघायला कोणीतरी येतं, तासभर बोलतं, जातं. बरं वाटायचं." त्याने पुठ्ठ्याची दोरी सोडली. "मग तू आलीस, आणि पहिल्यांदा वाटलं... जायला नको."

त्याने माझा हात धरला. या वेळी रीटा आंटींची हाक आली नाही. त्या खिडकीत होत्या, मला दिसत होत्या, आणि त्यांनी शहाण्यासारखा पडदा ओढून घेतला.

शनिवारी दुपारचं विमान होतं. सकाळी मी गाडी घेऊन मरोळला गेले तर लॉईड ओट्यावर पाना घेऊन बसलेला. माळ्यावरची मागची सीट खाली काढलेली, धूळ पुसून तिला चकाकी आणलेली. चार बोल्ट त्याने स्वतः आवळले.

"ही विकलेली नाही हां," तो म्हणाला. "ही माझी. गाडीवर ठेव फक्त."

बॅगा आणि रीटा आंटी टॅक्सीने निघाल्या. तसं त्यांनीच ठरवलं होतं. आणि माझ्या आयुष्यात पहिल्यांदा माझ्या मागे कोणीतरी बसलं. गाडी एकदम जड झाली, वळणावर दचकले, आणि त्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"हळू. आहे मी."

आहे मी! वीस मिनिटांसाठी. विमानतळावर दुचाक्यांना जिथपर्यंत सोडतात तिथे थांबलो. त्याने हेल्मेट काढून मला दिलं.

"नऊ महिने, इरा. वाट बघशील?"

"बघीन. घाई नाही."

"मला आहे," तो म्हणाला. "पहिल्यांदाच परत यायची घाई आहे."

आणि गेला. दारापाशी वळून बघणार असं वाटलं होतं. वळला तेव्हा मध्ये एक बस आली.

विमान उडायची वेळ होईपर्यंत मी तिथेच रस्त्याकडेला थांबले. परत येताना पवईच्या वळणावर गाडी अगदी हलकी लागली. नको तितकी हलकी. कांजूरपर्यंत मी हेल्मेटच्या आत रडत होते, आणि काच धुकटल्यामुळे दोनदा थांबावं लागलं. एकटेपण गेलं नव्हतं. उलट आता त्याला नाव होतं, पत्ता होता, आणि ते जास्त दुखत होतं.

सोसायटीच्या फाटकातून आत वळले, पाय ओल्या लादीवर पडला, सरकला... आणि एकशे नव्वद किलोची बाई धाडकन आडवी झाली. उजव्या कुशीवर.

"ताई!" बाळाकाका शिट्टी टाकून धावले. "थांबा, थांबा, मी उचलतो. लागलं का?"

"नाही लागलं. काका, तिथेच थांबा."

चावी बंद केली. स्टँड काढला. पाठ लावली. पावलं छोटीच टाकली. गाडी उठली. बाळाकाकांनी टाळी वाजवली, एकट्यानेच.

मी फोन काढला आणि लिहिलं, 'पडली. उचलली. आरसा थोडा वाकलाय.' खाली पाठवल्याची एकच बारीक खूण आली. फोन बंद, माणूस आभाळात.

मग मी उभ्या गाडीवर, त्याच्या सीटवर जाऊन बसले. दुसरी खूण यायला पाच-साडेपाच तास होते. मला घाई नव्हती.