चार तास दहा मिनिटं

तुम्ही विचारलंत, चांगली नोकरी का सोडली. बसा, सांगते. मात्र मध्ये उठू नका. हे अर्धवट ऐकण्यासारखं नाही.

काम अगदी साधं होतं. आलापल्लीपासून आठ-नऊ किलोमीटर आत एका गावात जायचं, रुखमाबाई नावाच्या बाईची एका कागदावर सही घ्यायची, तिच्या मुलाच्या कॉम्प्युटरमधली हार्ड डिस्क काढून आणायची आणि संध्याकाळच्या बसनं परत फिरायचं. मी मूळची तिकडच्याच सावली गावची. पुण्याच्या ऑफिसात त्या झाडीपट्टीच्या मुलखातली मी एकटीच. ‘तुझीच माणसं आहेत रीता, तुला नाही म्हणणार नाहीत,’ असं कौस्तुभ सर म्हणाले. ते माझे साहेब.

आमची कंपनी ‘रणकोट’ नावाचा ऑनलाइन खेळ चालवायची. काही मुलं तो खेळ खेळताना स्वतःचा चेहरा आणि पडदा दोन्ही इंटरनेटवर लाइव्ह दाखवतात. हजारो लोक ते पाहतात, खाली मेसेज टाकतात, हसरे चेहरे पाठवतात. अशी आठ मुलं माझ्याकडे होती. त्यांना ‘सांभाळणं’ हे माझं काम. कंपनीचा शब्द तो. खरं काम एवढंच, की त्यांनी खुर्चीतून उठू नये.

प्रणित त्यातला एक. वय चोवीस. गावात ग्रामपंचायतीपर्यंत इंटरनेटची तार आली, तिथून यानं घरी ओढून घेतली होती. तो खेळायचा बरा, पण लोक यायचे ते त्याच्या बोलण्यासाठी. “अबे पळ ना बे, वाघ लागला का तुया मांगं!” असं तो ओरडला की पुण्या-मुंबईची पोरंही हसून लोळायची. चाळीस हजार माणसं त्याला ओळखत होती. गावात फक्त आई.

मागच्या दिवाळीत कंपनीनं सात दिवसांची जत्रा ठेवली. रोज आठ तास लाइव्ह राहायचं. एक दिवस चुकला की नावापुढची चांदणी गेली, आणि चांदणी गेली की कंपनी त्याला कोणाच्या पुढ्यात आणणार नाही. पाचव्या दिवशी दुपारी त्याचा मला मेसेज आला. ‘ताई, दोन दिवसाचा ताप आहे. थंडी वाजून राह्यली. आज सुट्टी देता का?’

अशा मेसेजला काय लिहायचं ते आम्हाला ठरवून दिलेलं असायचं. मी तेच लिहिलं. ‘अर्धा तास तरी बस. जमलं नाही तर बघू.’

तो बसला. बरोबर एक वाजून वीस मिनिटांनी बोलता बोलता त्याचं डोकं टेबलावर टेकलं, ते वर आलंच नाही. खेळातला त्याचा गडी भिंतीला टक्कर देत जागच्या जागी चालत राहिला. कानाला हेडफोन होता, त्याचा माइक तोंडाशी. त्यातून श्वास ऐकू यायचा. घर्र... घर्र... लोकांना वाटलं, नाटक करतोय. हसऱ्या चेहऱ्यांचा पाऊस पडला. कोणीतरी त्या घरघरीवर गाणं जोडलं. बघणारे वाढत गेले.

मी सरांना बोलावलं. ते चहाचा कप घेऊनच आले. घोट घेतला, पडद्याकडे पाहिलं आणि म्हणाले, “बंद करू नकोस. आकडे बघ.”

त्याच्या आईचा फोन नंबर माझ्यासमोरच्या फॉर्मवर होता. मी आकडे बघत बसले.

साडेपाचला धान कापून आई घरी आली. पडद्यावर आम्हाला आधी तिचा विळा दिसला, मग पदर, मग तिनं त्याला हलवलं. तेव्हा कुठे सरांनी लाइव्ह बंद करायला सांगितलं. मलेरिया डोक्यात गेला होता. प्रणित दवाखान्याच्या वाटेतच गेला. आठवड्यानं जत्रेच्या गमतीजमतींची जी फीत कंपनीनं काढली, तिच्यात ती घरघर होती. गाण्यासकट.

आणि आता मार्चमध्ये सरांना सुचलं होतं, की खेळात प्रणितच्या आवाजाचा एक गडी घालायचा. ‘श्रद्धांजली’ म्हणून. त्यासाठी आईची सही हवी, आणि जुनी रेकॉर्डिंग असलेली डिस्क हवी. मी हो म्हटलं. ते ‘हो’ आठवलं की अजून मला स्वतःच्या जिभेची किळस येते.

ऑटो गावाबाहेरच थांबला. घर सागाच्या रानाला लागून, शेवटचं. भर दुपार, आणि एक माणूस रस्त्यावर नाही. सागाची पानं गळून सगळीकडे पसरली होती. वाऱ्यानं ती करकरली की कोणी मागून चालत येतंय असं वाटायचं. अंगणात मोहफुलं वाळत घातली होती. त्यांचा तो गोड, जडशीळ वास घशात उतरून बसला.

“ये बाई, बस,” रुखमाबाई म्हणाल्या. बारीकशी, काळीसावळी बाई. स्टीलच्या गिलासात पाणी दिलं. “पुन्याहून आलीस? एवढ्या दूर?”

“मी सावलीची आहे मावशी.”

“मंग त घरचीच झालीस.” त्या माझ्याकडे बघत राहिल्या. “तूच का रीताताई? प्रणित तुयं नाव घे. म्हने, ताई चांगली आहे.”

मी कागद पिशवीतून काढलाच नाही. आधी डिस्क घेऊ म्हटलं.

“घे. कोपऱ्यातल्या खोलीत आहे सगळं. दोन दिवसांपासून लाईन नाई, वाऱ्यानं तार तुटली. अंधारच असन अंदर.” मग आवाज खाली आणून म्हणाल्या, “मी काई झाडत-पुसत नाई तिथी. तो बसला असते.”

“कोण मावशी?”

“एक गोष्ट सांग,” त्यांनी माझं बोलणं ऐकलंच नव्हतं. “एवढे हजार लोक पाहेत त्याले. त्या दिवशी कोनालेच दिसलं नसन का? कोनी पाह्यलं असतं त एक फोन त केला असता ना, बाई? मानसंच आहेत ना तेबी.”

मी उठले आणि खोलीत गेले. उत्तर टाळायला अंधार बरा वाटला.

दार लोटलं तसा आतला वास अंगावर आला. बाहेरचाच मोहाचा गोडवा, पण आंबलेला. त्यात घाम, तापानं भिजलेलं अंथरूण आणि वाळलेली ओकारी. पाच महिने बंद खोलीत असा ताजा वास कसा राहील? मी पदर नाकाला लावला. मोबाइलच्या उजेडात टेबल, पडदा, खुर्ची दिसली. खुर्ची रिकामी होती. कॉम्प्युटरची वायर बोर्डातून काढून गुंडाळून ठेवलेली. मी खाली बसून डब्याचे स्क्रू काढायला लागले.

घर्र...

हात थांबला. पानं असतील बाहेरची.

घर्र... घर्र...

आवाज टेबलावरच्या हेडफोनमधून येत होता.

मी तो उचलला. का उचलला, विचारू नका. कानावरच्या मऊ गाद्यांवर बुरशीचा हिरवट थर चढला होता आणि बोट लावलं तर त्या ओल्या होत्या. ओल्या आणि गरम. नुकत्याच तापल्या कानावरून काढल्यासारख्या. तरी मी तो कानाला लावला. चिकट ओल गालावरून खाली ओघळली.

घरघर थांबली. कोणीतरी ओठ ओले केल्यासारखा आवाज आला.

“ताई...” अगदी दमलेला आवाज. “अर्धा तास झाला का?”

हेडफोन हातातून सुटला, टेबलाच्या कडेला लोंबकळत राहिला. त्याच क्षणी माझा फोन वाजला. कौस्तुभ सर.

“रीता, कमाल आहेस तू! त्याच्याच खोलीतून लाइव्ह? आधी सांगायचं तरी. अकरा हजार लोक आलेत!”

“सर... मी काही सुरू केलेलं नाही. इथे वीजच नाहीये.”

“बघ ना तूच.”

फोन कानावरून काढून स्पीकरवर टाकला आणि मी प्रणितचं चॅनल उघडलं. ते सुरू होतं. फोनच्या पडद्यावर हीच खोली होती. दाराशी उजेडाची फट, हातात फोन धरलेली मी. आणि माझ्यापुढे खुर्चीत, टेबलावर डोकं टेकून, तो. त्याची पाठ वर-खाली होत होती. केस घामानं मानेला चिकटले होते. पडद्यावर माझा हात त्या केसांपासून वीतभर अंतरावर होता. खाली मेसेज धावत होते. हसरे चेहरे, हसरे चेहरे, हसरे चेहरे.

मी समोर पाहिलं. खुर्ची रिकामी. मात्र तिची गादी दबलेली होती.

“सर, बंद करा... तुमच्याकडून बंद करा.”

“वेडी आहेस का?”

“सर, खुर्चीत कोणी नाहीये...”

तिकडून चहाचा घोट घेतल्याचा आवाज आला. अगदी स्पष्ट.

“बंद करू नकोस,” ते म्हणाले. “आकडे बघ.”

मला भीती वाटली नाही, असं म्हणणार नाही. पण भीतीच्याही वर काहीतरी आलं. मी धावत अंगणात गेले आणि मोहफुलांच्या कडेला गुडघ्यावर बसून ओकले. सगळं पडून गेलं तरी उबळ थांबेना. रुखमाबाई माझी पाठ चोळत होत्या. त्यांचा तो खरखरीत हात मला सोसवेना.

“मावशी, मी पाहिलं होतं,” मी म्हटलं.

हात थांबला.

“त्या दिवशी. त्याचं डोकं टेकलं तेव्हापासून. मीच त्याला बसवलं होतं. तापात.”

“किती वेळ पाह्यलं?”

“चार तास... दहा मिनिटं.”

रानात कुठेतरी पानं करकरली.

“माहा नंबर नव्हता तुयापाशी?”

“होता.”

त्या उठल्या. ओट्यावर मी पाणी प्यालेला गिलास होता, तो दोन बोटांनी उचलला, आणि कुंपणापलीकडे रानात फेकून दिला. रडल्या नाहीत, ओरडल्या नाहीत. परत आल्या तेव्हा त्यांच्या तोंडावर तेच होतं, जे नालीत मेलेलं काही दिसल्यावर माणसाच्या तोंडावर येतं.

“मी रोज म्हनतो त्याले, ऊठ रे बाबू,” त्या म्हणाल्या. “माह्यानं उठत नाई. म्हनते, ताईनं बसवलं. तूनं बसवलं ना त्याले? मंग तूच उठव.”

“मावशी, मला...”

“उठव म्हनलं ना!”

मी पुन्हा त्या खोलीत गेले. वास आणखी दाटला होता. खुर्चीच्या मागे उभी राहिले, फोनकडे पाहिलं नाही. रिकाम्या हवेत, जिथे खांदा असायला हवा तिथे हात नेला. हवा गरम होती.

“प्रणित,” मी म्हटलं. “प्रणित, झालं बाबा. ऊठ. कोणी काही म्हणणार नाही. बंद कर आणि चल.”

खुर्ची हळूच मागे सरकली.

दबलेली गादी वर आली. हातातला फोन एकदा थरथरला आणि चॅनल बंद झालं. लगेच सरांचे फोन सुरू झाले, एकामागून एक. मी एकही उचलला नाही. डिस्क तिथेच ठेवली. कागद अंगणातल्या चुलीत टाकला. रुखमाबाई पाठमोऱ्या बसून मोहफुलं सारखी करत होत्या. मी निघाले तेव्हाही त्यांनी मान वळवली नाही.

राजीनाम्यात मी लिहिलं, की आमच्यासाठी लोकांपुढे बसणारा हा आधी एका घरातला माणूस असतो. त्याला ताप आला तर चांदणी काढू नका. त्याचं डोकं खाली पडलं तर जो बघतोय त्यानं कोणाला न विचारता पडदा बंद करावा आणि घरी फोन लावावा. यासाठी कोणाची परवानगी लागत असेल तर ती कंपनीच बंद करा. उत्तर आलं नाही. पुढच्या जत्रेची जाहिरात मात्र आली. तीच सात दिवसांची.

पुण्याला परतलेच नाही. सावलीला घरी आले. तिसऱ्या दिवशी मला कणकण वाटायला लागली. मलेरियाच्या भीतीनं चौकातल्या लच्छूभाऊंकडे गेले. ते रक्त तपासतात, लहानपणापासून मला ओळखतात. त्यांनी बोटाला सुई टोचली आणि तासाभरानं यायला सांगितलं.

परत गेले तेव्हा ते भिंगातून काच बघत होते.

“तुयं त साफ आहे रीता, काई नाई तुले,” ते म्हणाले. “पन तुयासंगं आलेल्या पोराचं खराब आहे. लय जास्त. डोक्यात जाते हा ताप, मालूम आहे ना? एवढे दिवस कोनी पाह्यलं नाई का त्याच्याकडं?”

“कोणत्या पोराचं?” मी विचारलं. “मी एकटी आले होते भाऊ...”

“हा काय.” त्यांनी माझ्या खांद्यावरून पलीकडे, भिंतीजवळच्या बाकाकडे पाहिलं. “नाव नाई सांगत. दातच वाजून राह्यले त्याचे. चोवीस वय, एवढंच म्हनला. पहिली गोळी इथीच दे त्याले, मंग गाडी कर.”

मी वळले. बाक रिकामा होता.

लच्छूभाऊंनी कपाटातून एक जाड चादर काढली. बाकाजवळ गेले, थोडे वाकले आणि “घे रे बाबू” म्हणत ती अलगद पांघरली.

चादर खाली पडली नाही.