डावीकडची सीट

अहेरीच्या बाजारातून रिना घरी आली तेव्हा तिच्या पिशवीत भाजी थोडी आणि रेक्झिन जास्त होतं. तपकिरी, जाड, नव्या चपलांसारखा वास मारणारं. सासूबाईंनी, सत्यशीलाबाईंनी, ते बोटांनी चाचपून पाहिलं. "चांगलं आहे," त्या म्हणाल्या. "बसनाऱ्याले टोचनार नाई."

घरामागच्या चिंचेखाली पिकअप उभी होती. रिनाचे सासरे वामनराव एकेकाळी ती चालवायचे. बाजाराची माणसं, धानाची पोती, लग्नाची वऱ्हाडं आणि जंगलातल्या गावांमधले आजारी लोक, सगळ्यांची ने-आण त्या गाडीनं केली होती. मग एका पावसाळ्यानंतर त्यांनी ती चिंचेखाली आणून लावली आणि चावी खिळ्याला अडकवली ती अडकवलीच. का, हे घरात कोणी विचारलं नाही. रिना लग्न होऊन नागभीडहून इथं आली तेव्हा गाडीत कोंबड्या अंडी घालत होत्या आणि टपावर घोसाळ्याचा वेल चढला होता.

आता रिना गरोदर होती. श्रावणात बाळ येणार होतं, आणि श्रावणात हे गाव नाल्यांमुळे तुटतं. रपट्यावरचं, म्हणजे नाल्यातल्या ठेंगण्या पुलावरचं, पाणी जरा उतरलं की लगेच निघावं लागतं, तेव्हा गाडी दारात पाहिजे. तिचा नवरा नागसेन अहेरीत मोटरसायकली दुरुस्त करायचा. ऊन तापायला लागलं तसा तो एका सकाळी बापासमोर येऊन उभा राहिला.

"बाबा, गाडी काढतो मी."

वामनरावांनी चिंचेकडे पाहिलं. "काढ," ते म्हणाले. "पन डावीकडची सीट राहू दे तशीच."

"काऊन?"

"राहू दे म्हटलं ना."

मग अख्खं घरच कामाला लागलं. नागसेननं इंजिन उतरवलं. सत्यशीलाबाई पदर खोचून पॉलिश पेपरानं पत्र्याचा गंज घासायला बसल्या, आणि संध्याकाळी त्यांचे हात कुंकू कालवल्यासारखे लाल व्हायचे. वामनराव खाटेवर बसून नुसते सांगायचे, हा नट आधी, तो मागून. पण दोनचार दिवसांतच त्यांना राहवेना. खाट सोडून ते गाडीखाली शिरले, आणि तिथून बापलेकांचं हसणं ऐकू येऊ लागलं. सत्यशीलाबाई रिनाला हळूच म्हणाल्या, "किती दिवसानं हासून राह्यला हा मानूस."

सीटा रिनाकडे होत्या. लग्नाआधी नागभीडला ती शिवणकाम करायची, मशीन तिनं सोबत आणलं होतं. डावीकडची सीट तशीच ठेवणं शक्य नव्हतं. स्प्रिंगा वर आल्या होत्या, काथ्या उंदरांनी नेला होता. तिनं माप घेतलं तेव्हा वामनराव बघत होते. ते उठून आत गेले.

नवा फोम, नवं रेक्झिन, दुहेरी शिलाई. दुपारी तिनं सीट बसवली आणि हात फिरवून पाहिला. एक सुरकुती नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी सीट खचलेली होती.

कोणीतरी बसल्यासारखी. तेही सरळ नाही, जरा तिरपं, एका कुशीवर भार देऊन, पाठ दाराला टेकवून. रिनाला वाटलं, फोम हलका निघाला. तिनं शिलाई उसवून आत दुसरा थर घातला. सकाळी पुन्हा तोच खळगा. या वेळी रेक्झिन ओलंही होतं. बाहेर सकाळीच झळा लागत होत्या, विहिरीनं तळ गाठला होता, आणि सीटवरून थेंब थेंब पाणी खालच्या पत्र्यावर गळत होतं. त्याला वास होता. पुराच्या पाण्याला येतो तसा, गढूळ मातीचा, कुजल्या पानांचा.

रिनानं ते पुसलं. नागसेनला काही सांगितलं नाही. त्यांच्या घरात भूतखेत मानत नसत. वामनराव तर गावात कोणी अंगारे-धुपारे काढले की समोर जाऊन भांडायचे. रोज सकाळी बाबासाहेबांच्या आणि बुद्धाच्या फोटोसमोर वंदना व्हायची, आणि तेवढंच. तिनं मनाला समजावलं की काचेच्या रबरातून दव झिरपत असेल. वैशाखात दव कुठून पडणार, हे मन विचारत होतं, पण तिनं त्याला उत्तर दिलं नाही.

तिसऱ्या दिवशी दुपारी घरचे जेवून आडवे झाले होते. पाखरूसुद्धा ओरडत नव्हतं. रिना ड्रायव्हरच्या सीटवर गुडघा टेकून मधल्या भागाला टाके घालत होती. बाजूला काहीतरी करकरलं. तिनं मान वळवली. डावीकडची सीट तिच्या डोळ्यांसमोर हळूहळू खाली जात होती, जसं जड अंगाचं माणूस हाताचा आधार घेत, सावकाश टेकतं.

तिला पळायचं होतं. पण तिचा मोकळा हात का कोण जाणे पुढं गेला. खळग्याच्या वर, रिकाम्या हवेत, तिचा तळवा कशाला तरी लागला. गार, ओलं, गोल. आणि आतून कोणीतरी तिच्या तळव्याला ढुशी दिली.

ती ढुशी तिला ओळखीची होती. रोज तिच्या स्वतःच्या पोटात बसत होती, अगदी तशीच.

ती उतरली कधी, घरात आली कधी, तिला कळलं नाही. सत्यशीलाबाईंच्या खाटेशी ती खाली बसली. "आई... गाडीत एक बाई बसली आहे. पोटुशी आहे थे."

सासूबाईंनी तिच्या हाताला हात लावला. हात कोपरापर्यंत ओला होता.

वामनराव पलीकडच्या खाटेवर जागेच होते. ते उठून बसले. "बुधरी आहे," ते म्हणाले.

मग त्यांनी सांगितलं. भामरागडच्या वाटेवर आत जंगलात सुकलू नावाच्या माणसाचं गाव. बुधरी त्याची बायको, पहिलटकरीण. पोटात दुखायला लागलं आणि बाळ आडवं आहे असं सुईण म्हणाली. वामनराव त्याच दिवशी मीठ-तेल घेऊन त्या गावी गेले होते. त्यांनी बुधरीला सीटवर घेतलं, सुकलू मागं डाल्यात, उघड्या हौद्यात, बसला, आणि ते अहेरीच्या दवाखान्याकडे निघाले. मधल्या नाल्याला पूर होता. रपटा दिसतच नव्हता. मागं फिरावं तर मागचाही नाला चढलेला. दोन पाण्यांच्या मध्ये गाडी अडकली.

"थे दाराले टेकून बसली होती," वामनराव म्हणाले. "जास्त बोले नाई. मधूनमधून विचारे, भाऊ, पोचलो का? मी म्हनो, आलंच बाई, आलंच. पुन्हा थोड्या वेळानं... पोचलो का? मी म्हनो, आलंच. उजाडाच्या वक्ताले तिनं विचारलं अन् मी आलंच म्हनायच्या आधीच..." पाणी उतरल्यावर सुकलूनं तिला आणि तिच्या पोटातल्याला परत गावी नेलं. "मी रिकामी गाडी घेऊन घरी आलो. पन गाडी रिकामी नोती, रिना. मले बाजूले बघवे नाई. म्हनून उभी केली."

नागसेन दारात उभा राहून ऐकत होता. "गाडी भंगारात देतो," तो म्हणाला. "रिनाले अशा गाडीत बसवू का आपन?"

"अन् तिले कुठी देतो?" सत्यशीलाबाई म्हणाल्या. "थे काय भंगार आहे?"

नागसेन उंबऱ्यावर टेकला. मग त्याच म्हणाल्या, "बाईमानसाले तिच्या घरी सोडून द्यावं. एवढंच आहे."

गाडी सुरू झाली त्या दिवशी नागसेननं डिझेलच्या नळीतली हवा काढली आणि वामनरावांनी सेल्फ मारला. इंजिन खोकलं, धूर ओकलं आणि धडधडू लागलं. आनंदानं कोणी ओरडलं नाही. सगळे डावीकडच्या दाराकडे बघत होते. सीट खचलेली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळीच ते निघाले. वामनराव चालवायला, नागसेन आणि सत्यशीलाबाई मागं डाल्यात. रिनानं यावं असं कोणाच्याच मनात नव्हतं. ती मध्ये जाऊन बसली. "मी शिवली आहे सीट," ती म्हणाली. "अन् तिच्या बाजूले बाईमानूस पायजे." खरं तर तिचे दात वाजत होते. पण त्या ढुशीनंतर तिला आणखीही काहीतरी वाटत होतं, आणि ते भीतीपेक्षा जड होतं.

वाटभर सागाची वाळली पानं चाकांखाली चुरत होती. नाल्यात वाळूच वाळू होती. कोरड्या रपट्यावर गाडी आली तेव्हा कॅबिनमध्ये एकदम गारवा भरला आणि रिनाच्या डाव्या दंडाला ओला खांदा टेकला. तिनं दंड काढून घेतला नाही. वामनराव समोर बघत होते. त्यांच्या गालांवरून पाणी ओघळत होतं आणि ते पुसायला त्यांनी स्टिअरिंगवरचा हात काढला नाही.

सुकलू अंगणात मोहाची टोळी, तेलाच्या बिया, वाळवत होता. केस पांढरे झाले होते. त्यानं गाडी ओळखली आणि हातातलं सूप खाली ठेवलं.

"वामनभाऊ."

"बुधरीले आनलं," वामनराव म्हणाले.

सुकलू दचकला नाही. तो डावीकडच्या दाराशी गेला, दार उघडलं, आणि सीटकडे बघत माडिया बोलीत हळू आवाजात काहीतरी बोलला. थांबला. जणू उत्तर ऐकत होता. मग पुन्हा बोलला. बराच वेळ गेला. सीट तशीच खचलेली राहिली. शेवटी त्यानं आपल्या खांद्यावरचा पंचा काढून सीटच्या ओल्या भागावर नीट पांघरला आणि दार लावून घेतलं.

"नाई उतरत," तो म्हणाला. "तिले घरी यायचंच नोतं, भाऊ. थे दवाखान्यात जायले निघाली होती."

वामनराव त्याच्याकडे बघत राहिले. इतकी साधी गोष्ट.

"चल मंग," ते म्हणाले. "बस."

सुकलू पूर्वी बसला होता तसाच मागं डाल्यात चढला. परतीच्या वाटेवर मागून सत्यशीलाबाईंचा त्रिशरणाचा आवाज काचेतून अस्पष्ट येत होता. त्या काही पळवून लावायला म्हणत नव्हत्या, दूरच्या प्रवासाला निघालेल्या कोणासाठीही त्या तसंच म्हणायच्या. आलापल्लीच्या पुढं रिनाच्या कानाशी कोणीतरी श्वास ओढला. दमलेला, तुटक. शब्द तिला कळले नाहीत. वामनरावांना कळले असावेत.

"आलंच, बाई," ते म्हणाले, आणि त्यांनी गाडीचा वेग वाढवला.

अहेरीच्या दवाखान्यासमोर दुपारचं ऊन पसरलं होतं. वामनरावांनी गाडी अगदी पायऱ्यांना लावली, इंजिन बंद केलं, मग ते उतरून पलीकडे गेले आणि डावीकडचं दार उघडून बाजूला उभे राहिले.

"बुधरी," ते म्हणाले, "पोचलो बाई."

सीट करकरली. खळगा हळूहळू वर आला, फोमनं आपला आकार घेतला, आणि सुकलूचा पंचा घसरून पायरीवर पडला. तो कोरडा होता. सुकलूनं तो उचलून तोंडाला लावला. पायऱ्यांवर काही उमटलं नाही, कसला आवाज झाला नाही, फक्त कॅबिनमधला पुराचा वास गेला आणि नव्या रेक्झिनचा वास आला. वामनराव पायरीवरच बसले. नागसेन त्यांच्या शेजारी बसला आणि त्यानं बापाच्या खांद्यावर हात टाकला. त्यानं याआधी तसा तो कधी टाकला नव्हता.

"आलोच आहो तर तपासून घे," सत्यशीलाबाई रिनाला म्हणाल्या. प्रवासाचे हादरे बसले होते, त्यांच्या जिवाला घोर होता.

आतल्या खोलीत ललिता सिस्टर एकटीच होती. दोन खाटा, दोन्ही रिकाम्या. एका खाटेवर तिनं रिनाला निजवलं, पोटाला गार मलम लावलं आणि बाळाचे ठोके ऐकवणारं छोटं मशीन टेकवलं. खोलीत टुकटुकटुक असा घाईचा आवाज भरला. "बघ, कसा पळून राह्यला," सिस्टर म्हणाली. रिना हसली. किती दिवसांनी तिचं अंग सैल पडलं.

सिस्टरनं मशीन उचललं आणि मलम पुसायला कापूस आणायला जाताना बाजूच्या रिकाम्या खाटेवर सहज टेकवलं.

टुकटुक, टुकटुक.

हा आवाज वेगळा होता. जरा संथ, जरा दूरचा. सिस्टर कापूस हातात घेऊन वळली. "बंद करायचं राह्यलं वाटते," असं म्हणत तिनं बटण दाबलं. मग पुन्हा दाबलं. मशीन उचलून कानाशी नेलं तर शांत. खाटेच्या चादरीवर ठेवलं की ठोके.

तिनं मागचं झाकण उघडून सेल काढले आणि ते आपल्या तळहातावर घेऊन बघत राहिली.

"सिस्टर," रिना हळूच म्हणाली, "राहू द्या ना... तिले ऐकू द्या."

सिस्टरनं तिच्याकडे पाहिलं, मग त्या खाटेकडे. मशीन तिनं होतं तिथंच ठेवलं. ठोके चालूच होते, आणि आता थोडे जवळ आल्यासारखे वाटत होते.