बंद खोलीतली प्रार्थना

पटलं तर घ्या, नाहीतर सोडून द्या. पण पदरचं एक अक्षर घातलेलं नाही. हे माझ्या सख्ख्या मामांच्या बाबतीत घडलंय. आणि रात्रीबित्री नाही हो, गुरुवारी, भर दुपारी, चर्चच्या मागच्या खोलीत.

मामा पाळक. मंडळीतली पोरं त्यांना ‘घड्याळ’ म्हणायची. लग्न असो, मयत असो, माणूस वेळेवर हजर. फक्त उपदेशाला उभे राहिले की हे घड्याळ बंद पडायचं!

पण त्या वर्षी मामांच्या आत काहीतरी विझलं होतं.

रोज सकाळी ते मागच्या खोलीत एकटेच गुडघे टेकून प्रार्थना करायचे. ते बंद झालं. देवाशी भांडण नाही, कसलं दुःख नाही. नुसतं बधिर. लोकांसमोर तोंड चालायचं, आत काही हलायचं नाही. “तुमच्यासाठी प्रार्थना करतो हं,” असं येईल त्याला सांगायचे. करायचे मात्र कुणासाठीच नाहीत.

कुणाला पत्ता नव्हता. मामीलासुद्धा.

बुधवारी एका म्हाताऱ्या शिक्षिकाबाईंच्या घरून निरोप आला. आता काही खरं नाही, येऊन प्रार्थना करा. मामांनी बूट घातले, खुर्चीत बसले...

आणि बसूनच राहिले.

गुरुवारी दुपारी मान खाली घालून बाईंच्या दारात पोचले. सून म्हणाली, “अहो, परत कशाला त्रास घेतलात? काल तासभर बसला होतात की आईंजवळ!”

“काल? मी?”

“असं काय करता! किती रडलात त्यांच्यासाठी. तेव्हापासून बघा, कशा शांत झोपल्यात.”

मामांनी आत डोकावलं. बाई खरंच शांत झोपल्या होत्या.

मामांना घाम फुटायला हवा होता. फुटला नाही.

ते तडक चर्चला आले. मागच्या खोलीला बाहेरून कुलूप होतं. किल्ली त्यांच्याच खिशात.

आणि आतून आवाज आला...

प्रार्थनेचा.

मामांच्याच आवाजात.

एकेका घराचं नाव घेऊन चाललं होतं. ज्यांना ज्यांना मामांनी शब्द दिला होता, ती सगळी. आजारी माणसं, परीक्षेला बसलेली पोरं, मोडायला आलेला एक संसार. एकही सुटलं नाही. मामा दाराला कान लावून उभे. मनात एकच, आता माझं नाव येईल. माझ्यासाठीही कुणीतरी मागेल. मग मला परत प्रार्थना करता येईल.

त्यांची पाळी आली...

“आणि प्रभू, तुझा हा सेवक. त्याचं काम संपलं. त्याला तू बोलावून घेतलंस. आता त्याच्या बायकोचं सांत्वन कर.”

मयताच्या वेळी मामा हेच म्हणायचे. शब्द न् शब्द.

आवाज थांबला. प्रार्थना संपली की पुढचा शब्द म्हणायचा, ही उभ्या जन्माची सवय. मामांच्या तोंडून निघून गेलं...

“आमेन.”

म्हणजे, तसंच होवो.

त्यांनी कुलूप काढलं. खोली रिकामी होती.

घरी आले तर मामी ओट्याजवळ उभी. डोळे सुजलेले.

“काय गं, काय झालं?”

“कुणास ठाऊक. मघाशी एकदम रडू कोसळलं. कारण ना काही. मग कुणीतरी पाठीवरून हात फिरवल्यासारखं वाटलं.” तिनं नाक पुसलं. “आता बरी आहे मी. सावरेन हळूहळू. तुम्ही माझी काळजी करू नका.”

मामा अजूनही दर रविवारी उपदेशाला उभे राहतात. हे सगळं त्यांनीच मला सांगितलं, भाजीचे भाव सांगावेत तसं.

मी विचारलं, “मामा, भीती नाही वाटली?”



“नाही रे. वाटायला हवी होती ना?”

हल्ली मी त्यांच्याकडे जायचं टाळतो.