मिठाच्या मैदानातला समुद्र

पाठ्यपुस्तकातली एक ओळ वाचवायची होती, म्हणून बाई मिठाच्या मैदानात निघाल्या होत्या!

'शहरामागच्या मैदानावर एके काळी समुद्र होता.' बस्स, एवढीच ओळ. सामान्यज्ञान शिकवणाऱ्या बाईंनी अख्खी नोकरी ती जीव ओतून शिकवली. आणि आता पुस्तक समितीचे अध्यक्ष म्हणाले, "पुरावा आणा, नाहीतर धडाच काढतो. फोटो नकोत. सुटे शिंपले तर बाजारातही मिळतात. दगडात रुतलेले शिंपले दाखवा!"

"आणते की," बाई म्हणाल्या. एकदा बाई 'आणते' म्हणाल्या की विषय संपला.

सोबतीला दोघंच. एक त्यांचा धाकटा भाऊ. याचं गॅरेज, अंगात भरपूर ताकद आणि तोंडाला अजिबात उसंत नाही. दुसरे त्यांचे मामा. जन्मभर जमिनीची मोजणी केलेली, आता निवृत्त, पण शिस्त तीच. होकायंत्र हातात घेण्याआधी मामा खिशातल्या किल्ल्या, चाकू, सगळं लोखंड काढून घसरगाडीवर टाकत. ही घसरगाडी म्हणजे दोरी बांधलेली रुंद लाकडी फळी. मोटार न्यायची सोयच नव्हती, कारण मैदानावर वर मिठाची पातळ खपली आणि खाली गिळून टाकणारा चिखल.

जाताना सगळं सुरळीत झालं. मामांनी पूर्व धरली ती सोडली नाही. पांढऱ्याशुभ्र, डोळे दिपवणाऱ्या त्या सपाटीवर शेवटी एक बुटकी टेकडी उभी राहिली, आणि तिच्या कड्यात बोटभर जाडीचे शिंपले ओळीने दगडात रुतलेले! बाईंनी त्यांच्यावर हात फिरवला आणि त्यांना रडूच कोसळलं. भावाने घणाचे घाव घालघालून शिंपल्यांनी भरलेली एक लादी सुटी केली. ती घसरगाडीवर चढवताना दोघांचा घामटा निघाला.

परतताना मात्र मामा चालता चालता मटकन खाली बसले. अंग तापलेलं, बोलणं असंबद्ध. ऊन बाधलं होतं! त्यांना लादीशेजारी निजवलं, भावाने दोरी खांद्यावर घेतली आणि होकायंत्र बाईंनी आपल्या गळ्यात अडकवलं. वर धुरकट आभाळ, सूर्याचा पत्ता नाही. सुईवर नजर ठेवून बाई पश्चिमेला चालत राहिल्या.

"ताई, पावलं!" भाऊ ओरडला. "माणसं गेलीत इकडून! सुटलो!"

बाईंनी वाकून पाहिलं. दोन माणसांची पावलं, आणि मधे फळी घासत गेल्याची खूण. त्यांच्या तोंडचं पाणीच पळालं.

"अरे, ही आपलीच आहेत."

म्हणजे इतका वेळ ते गोल गोल फिरत होते! मामांना पाणी पाजावं म्हणून बाईंनी खांद्यावरची पिशवी उतरवली, आणि गळ्यातली सुई गर्रकन फिरली. पिशवी जवळ आणली, सुई परत तिच्याकडे धावली. बाईंनी पिशवीत हात घातला. तळाशी लोहचुंबक! वर्गात टाचण्या नाचवून दाखवायचं, चांगलं बचकभर. बाई वळल्या की पिशवी वळायची, पिशवीबरोबर सुई वळायची. त्या जातील ती पश्चिम!

"अगं, सहलीला आलीस की शिकवायला?" भाऊ कळवळून म्हणाला.

"मीच बुडवलं सगळ्यांना," बाई म्हणाल्या. मग त्यांनी चुंबक भिरकावून दिलं आणि सुईकडे पाहिलं.

"चुंबकाने सुई... बिघडली असेल आता," मामा क्षीण आवाजात पुटपुटले. "भरवसा ठेवू नकोस, पोरी."

तेवढ्यात वरचा धुरळा जरा विरळ झाला. फिकट का होईना, सावली पडली! बाईंनी हातातली काठी उभी रोवली, सावलीच्या टोकाशी घणाच्या दांड्याने रेघ मारली.

"आता?"

"आता थांबायचं."

"थांबायचं? मामांकडे बघ!"

"बघतेय. पुन्हा चुकीच्या दिशेने गेलो तर संपलोच. गप बस!"

सावली सरकली. बाईंनी दुसरी रेघ मारली. पहिली खूण पश्चिमेची, दुसरी पूर्वेची. दरवर्षी अंगणात मुलांकडून करवून घेतलेला प्रयोग! "ही पश्चिम. चल!"

पुढे वाटेत बाई पुन्हा पुन्हा काठी रोवत होत्या, भाऊ दात ओठ खाऊन ओढत होता. आणि कडाड्! खपली फुटली. फळी कलंडली. भाऊ मांडीपर्यंत आत! मामा चिखलाकडे घसरू लागले. बाईंनी झेप घेऊन त्यांची कॉलर पकडली. फळी खालीच चालली होती. लादीचं वजन!

"ताई, दगड ढकल!"

एक क्षण बाई थांबल्या. शिंपले अगदी त्यांच्या नाकासमोर होते. मग त्यांनी दोन्ही पाय लादीला लावले आणि सगळा जोर काढला. लादी घसरली. बुडबुडे आले. गुडुप! हलकी झालेली फळी वर उचलली गेली, तिला धरून भाऊ बाहेर आला. बाई मोठमोठ्याने रडल्या, नाक पुसलं, आणि दोरीचं एक टोक स्वतःच्या खांद्यावर घेतलं. दिवस मावळायच्या आत मैदानाचा काठ लागला. मामा दवाखान्यात पोहोचले आणि वाचले.

समितीच्या खोलीत अध्यक्षांनी टेबलावर पेन आपटलं. "म्हणजे पुरावा नाही. आणि एका धड्यापायी तुम्ही माणूस गमावला असतात, बाई!"

"म्हणूनच धडा टाकला आणि माणूस आणला," बाई म्हणाल्या.

धडा पुस्तकातून गेला. नवं पुस्तक आलं त्या दिवशी बाई वर्गात शिरल्या, खडू उचलला आणि फळाभर टेकडी काढायला लागल्या. पोरं भराभर पानं उलटू लागली. पहिल्या बाकावरची मुलगी उभी राहिली. "बाई, हे पुस्तकात कुठे आहे?"

"पुस्तकात नाही. तिथे आहे. मी हात लावून आलेय."

"मग परीक्षेला येणार?"

"नाही."

मुलीने पुस्तक फटकन मिटलं. तिच्यामागोमाग सगळ्या वर्गाने मिटलं.

"मग सांगा ना, बाई!"