बिनछापाचं काडतूस

चिंचेच्या कोळानं पितळ लखलखतं, हे सांगायला मला इंजिनियर लागत नाही. खंडेनवमीच्या आदल्या दिवशी मी आमच्या सस्काटूनच्या घराच्या बेसमेंटमध्ये उतरले, रबरी हातमोजे चढवले आणि शैलेंद्रची झाडून सगळी काडतुसं घासून काढली. आतली दारू काढलेलीच असते, भीती कसली? शस्त्रं नाहीत तर काडतुसं पुजायची. दरवर्षी शैलेंद्र, म्हणजे माझे यजमान, काडतुसांच्या ट्रेला बोट लावू द्यायचे नाहीत, हळद-कुंकू झाकणावरच वाहायला लावायचे. यंदा अडवायला होतं कोण? फेब्रुवारीत ड्राइव्हवेवरचा बर्फ शोव्हल करता करता गेले.

पोटॅशच्या खाणीतून रिटायर झाल्यावर त्यांना हा नाद लागला. कारखान्यांनी चाचणीपुरती बनवलेली, बाजारात कधी न आलेली पिस्तुलाची काडतुसं जमवायची आणि कुठली ते ओळखायचं. ओळख पटली की त्या काडतुसाला पुन्हा शिवायचे नाहीत.

"कळलं, संपलं," म्हणायचे.

"बरं झालं बाई, मी तुम्हाला कळले नाही!"

"म्हणून तर टिकलोय."

एकानं मात्र त्यांना दाद दिली नाही. बुडावर छाप नाही, मान आखूड, जात कुठली पत्ता नाही. रोज संध्याकाळी ते हातात घेऊन बसायचे. त्यांचा घाम असा जहाल की पितळेवर अंगठा उमटायचा, जुन्या जखमेच्या आडव्या रेघेसकट.

दिवाळी झाल्यावर मायरॉन आला. हा त्यांच्यातलाच दुसरा वेडा. मार्कहॅमहून आमच्या ईशितानं त्याला फोन केला होता. मला तिचं एकच, "आई, जस्ट सेल इट."

लखलखाट पाहून मायरॉननं कपाळाला हात लावला. "जयंती, काय केलंस हे! जुना रंग गेला की किंमत गेली."

मग बिनछापाचं उचलून भिंगाखाली धरलं.

"हा ठसा तुझा?"

"मी मोजे घातले होते."

"ताजा आहे. लालसर आहे अजून. जुना असता तर काळा पडला असता."

मी भिंग घेतलं. ठशावर आडवी रेघ होती.

मायरॉननं काडतुसाचं वजन केलं, फोटो काढले आणि घरी शोधतो म्हणून गेला. मी ठसा चिंचेनं घासून काढला आणि बेसमेंटला कुलूप लावलं. सकाळी ठसा परत होता. आधी मी ईशिताला फोन करायला निघाले होते, मग केला नाही. घाबरले नाही हो, हमसून हमसून रडले. इतक्या महिन्यांनी दोन कप चहा टाकला आणि एक खाली नेऊन ठेवला. रोज पुसायचे, रोज तो यायचा. अजून शोधताहेत, मी म्हटलं, शोधू देत.

थोड्याच दिवसांत मायरॉन धापा टाकत आला आणि बूट काढून थेट खाली उतरला.

"सापडलं! याचा जोडीदार एकाकडे आहे!"

"इथे नको. वर चल. वर सांग."

"अगं, ऐक तर," म्हणत त्यानं तिथेच, शैलेंद्रच्या खुर्चीशेजारी उभं राहून, कारखान्याचं नाव, साल, सगळं सांगून टाकलं. मी रडायला लागले. बिचाऱ्याला वाटलं, आनंदानं रडतेय.

शेवटचा ठसा हळूहळू काळा पडला. नवा आला नाही.

मेल्यावरही माणूस असा उठून जातो? निरोप नाही, काही नाही. पहिल्या वेळी तरी बर्फाचा दोष होता.

मग मीच मायरॉनला फोन केला. "कुणालाच न ओळखता आलेलं एखादं आहे तुझ्याकडे?"

त्यानं आणून दिलं. रजायनाच्या एका म्हाताऱ्याचं. उभा जन्म त्यापायी घालवला आणि न कळताच गेला, म्हणाला. मी ते चिंचेनं लख्ख केलं आणि त्यांच्या ट्रेमध्ये ठेवलं.

"अहो, हे घ्या. हे नाही कळायचं तुम्हाला. या."

सकाळी पितळेवर अंगठा होता.

आले! माझं माणूस आलं!

भिंग टेकवलं.

रेघ नव्हती.

अंगठा रुंद होता. मी तो पुसला, काडतूस मायरॉनला परत दिलं, बेसमेंटला कुलूप लावलं.

आज सकाळी वर देवघरात दिवा लावायला गेले. समई कालच घासली होती. तोच रुंद अंगठा तिच्यावर आहे, लालसर.